नग मोजा, नोंद ठेवा
माझी सून घरी शिवलेल्या कापडी पिशव्या ऑनलाइन विकते. माल भिवंडीच्या गोदामात असतो. तो बंगळुरूच्या गोदामात हलवायचा, तर एकही पिशवी विकलेली नसताना कर लागतो. कारण २०१७ पासून जीएसटीत दोन राज्यांतील नोंदण्या म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती. तिकडच्या विक्रीवरील करातून तो वजा होतो, पण तोवर भांडवल अडकते. ५०,००० रुपयांवरील मालाला ई-वे बिलही लागते.

मागच्या खेपेला ४० पिशव्या निघाल्या, पोचल्याची नोंद ३७ ची. सुनेने बिल, मोजणी, फोटो पुढे केले. तेव्हा ३ पिशव्यांची भरपाई मिळाली. भगिनींनो, धंदा जरूर करा. मात्र खेप निघण्यापूर्वी नग मोजून आपल्या वहीत लिहा. तोंडी तक्रारीला तेथे कोणी विचारीत नाही.