चौथ्या भिंतीचा अंदाज

घर वाढवायला काढले की दोन माणसे हमखास भेटतात. एक म्हणतो, "एवढ्या पैशांत आरामात होतं." दुसरा म्हणतो, "आम्हीही तसंच धरलं होतं." मला दोघेही एकाच सकाळी बीबीच्या बसस्टँडवर भेटले. पहिला आमचा मिस्त्री होता. दुसरा कोण ते सांगत नाही, त्याच्या घराला अजून गिलावा व्हायचा आहे.

आम्हाला हवी होती एकच खोली, तिला लागून न्हाणी आणि संडास. गेल्या पावसाळ्यात माय रात्री परसाकडे जाताना ओसरीच्या पायरीवरून घसरली. हाड मोडले नाही, पण मनाने घेतले. संध्याकाळनंतर ती पाणीच पिईना. हे पाणी न पिणे आमच्या सौ.च्या लक्षात आले. माझ्या आले नव्हते.

मिस्त्रीने जागा पाहिली, काडीने जमिनीवर रेघ मारली आणि सांगितले, "बारा बाय चौदा. तीन भिंती नव्या, चौथी भावाच्या घराची हायेच. तीन लाखांत बसवून देतो." आकडा ऐकायला गोड होता. रात्री मुलीची अर्धी कोरी वही घेऊन मी तो फोडायला बसलो, तेव्हा कळले की तीन लाखांत जमिनीवरचे सारे होते आणि जमिनीखालचे जवळपास काहीच नव्हते.

आमची काळी माती कपाशीला माय, पण भिंतीला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत दर वर्षी थोडी वर-खाली होते. पाया मुरुमाला लागेपर्यंत नेणे हाच त्यावर उपाय. मिस्त्रीने ३ फूट धरले होते. मी दोन मजूर लावून एका कोपऱ्यात खड्डा घेतला, तर मुरूम ५ फुटांवर लागला. खोलीच्या चारी भिंतींची लांबी मध्यापासून मोजली तर सुमारे ५१ फूट. चर अडीच फूट रुंद, वाढीव खोली २ फूट, म्हणजे २५५ घनफूट. अडीच ब्रासवर खोदाई एका ओळीत वाढली आणि तिथे भरायचा डबरही वाढला. एका दिवसाच्या मजुरीत हे आधी कळले. काम सुरू झाल्यावर कळले असते तर अर्धा चर उघडा टाकून सावकाराकडे जावे लागले असते.

ब्रासचेही जपून घ्यावे. रेती, गिट्टी, डबर यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलाव्याचा ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा. ट्रॉलीवाला सांगेल तो ब्रास घेऊ नये. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करावा. त्याला राग येतो, येऊ द्यावा. विटांचेही तेच. ९ इंची विटेच्या बांधकामात १०० घनफुटांना साधारण १३५० विटा लागतात, पण भट्टीवरची वीट पुष्कळदा ९ इंच भरत नाही, आणि मग विटाही जास्त अन् मसालाही जास्त.

लोखंडाचा हिशेब सर्वांत सोपा, आणि तोच कोणी करत नाही. गजाची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, १६२ ने भागा. एक मीटर गजाचे वजन किलोत येते. ८ मिलिमीटरचा १२ मीटर लांबीचा गज पावणेपाच किलोच्या आसपास भरतो. गज मोजले की काट्याची पावती खरी की खोटी ते घरबसल्या कळते. सिमेंटच्या बिलावर कराची ओळही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

बाकी किरकोळ म्हणून सोडलेले किरकोळ नसते. सेंट्रिंगचे भाडे, दोन शोषखड्डे, स्लॅबच्या दिवशीचे मजुरांचे जेवण, आणि पाणी. आपण शेतकरी माणसे रब्बी उरकून बांधकामाला हात घालतो, म्हणजे नेमके विहिरी तळाला गेल्यावर. स्लॅबवर निदान दहा दिवस, जमले तर चौदा दिवस पाणी उभे राहिले पाहिजे. मी वहीत टँकर लिहिले, तेव्हा मिस्त्री हसला. एप्रिलमध्ये तोच विचारायला आला, "टँकर सांगितलं का?"

एवढे मांडून मी अडलो तो चौथ्या भिंतीपाशी.

ती भिंत माझ्या थोरल्या भावाची. वाटणीनंतर तीन वर्षे आमचे बोलणे नव्हते. कारण सांगण्यासारखे नाही, धुऱ्यावरच्या एका बाभळीचे होते. भिंत आजोबांच्या वेळची, पांढऱ्या मातीची, दीड हात जाड. मिस्त्री म्हणाला, तिच्यात खोबण पाडून स्लॅब टेकवू. जाडी पाहून मलाही मोह झाला. पण किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे अशाच जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदे हजारो माणसांवर कोसळली. भिंत जाड असली म्हणून ओझे पेलतेच असे नाही. शिवाय नवा पाया मुरुमावर आणि जुनी भिंत मातीवर, दोन्ही सारख्या खचणार नाहीत. जोडले तिथे तडा जाणारच.

म्हणजे चौथी भिंत आपली हवी. वरच्या बांधकामाच्याच दीड हजार विटा, शिवाय तिचा पाया, शिवाय गिलावा. आणि भावाच्या भिंतीला चिकटून पाच फूट चर खणला तर तीच बसायची. तेव्हा मध्ये तीन फुटांचा बोळ सोडला, त्यात पाणी मुरू नये म्हणून उताराचा कोबा धरला. खोली बारा फुटांची दहा फूट झाली. त्याने एक बरे झाले, स्लॅब लहान झाला: १७८ चौरस फूट, ५ इंच जाडीने ७४ घनफूट, सिमेंटच्या १७ गोण्या. तरी एकूण आकडा सव्वाचार लाखांवर गेला.

सेवाग्रामला १९३६ साली आदी निवास बांधताना गांधीजींनी खर्चाची मर्यादा आधी घातली होती. घर त्या पैशांत बसवायचे. आपण उलटे करतो, आधी घर आखतो आणि मग पैसे शोधतो. मी वही घेऊन पुन्हा बसलो. शहाबादी फरशीऐवजी कोबा, आतून गिलावा, बाहेरून पुढच्या सोयाबीनपर्यंत नुसत्या दरजा. लाखभर खाली आले. पाया, गज आणि संडास यांना हात लावला नाही.

मग सौ. म्हणाली, "ज्यांच्यासाठी बांधता त्यांना विचारलं का?" नव्हते विचारले.

मायने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, "जोतं उंच करू नको, माह्यानं चढवत नाही." पायऱ्यांऐवजी घसरती लिहिली. दुसरी, "त्या अंगाला खिडकी ठेव. थोरल्याचं अंगण दिसू दे."

बोळाच्या पुढे खोलीचा पाच फुटांचा तुकडा भावाच्या अंगणासमोर येतो. दुसऱ्याच्या अंगणावर खिडकी काढायची तर त्याला विचारायला हवे, आणि त्याच्या भिंतीशेजारी चर खणायचा तर तेही विचारायला हवे. वहीत 'खिडकीची चौकट, १' लिहिले आणि चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी वहीच घेऊन गेलो, कारण वही हातात असली की बोलायला विषय असतो.

त्याने पान न पान वाचले. बोळावर बोट ठेवून म्हणाला, "चर एकदम उघडू नको. पाच-पाच फुटांचे तुकडे घे, एक भरला की दुसरा." हे माझ्या आणि मिस्त्रीच्याही ध्यानात आले नव्हते. खिडकीच्या ओळीवर तो थांबला. "मायनं सांगितलं?" मी मान हलवली. तो आत गेला, माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"चौकट इकत घेऊ नको. बाबांनी आणलेली सागवानी हाये, वाटणीत माह्याकडं आली होती."

दोघांनी धरून ती बोळाच्या जागेवरून आमच्या अंगणात आणली. मी वहीतली ओळ खोडली. गज आणि बिजागऱ्या मात्र विकतच आणाव्या लागल्या, त्या पुढच्या पानावर आहेत.