शहापूरची मंडई

नागपुराहून भंडाऱ्याच्या वाटेस लागले म्हणजे कन्हान ओलांडून मौदा मागे पडते, आणि पुढे दोहो अंगांस धानाच्या बांध्या दिसू लागतात. भंडारा येण्यापूर्वीच, याच हमरस्त्यावर, शहापूर आहे. जवाहरनगरची आयुधनिर्माणी जवळच असल्याने अवजड वाहनांची वर्दळ अहोरात्र चालू. तथापि चार पावले आत शिरावे, तो कापणीनंतरच्या धसकटांचा ओलसर वास येतो व वाहनांचा विसर पडतो. आमची कन्या या गावी दिलेली आहे. गेल्या भाऊबीजेनंतर आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, तो गावात मंडईची धामधूम.

आपल्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या बाजूस, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा ती मंडई. दिवसा पाळणे, मिठाईची दुकाने, माहेरवाशिणींच्या भेटी आणि सोयरिकींची बोलणी. रात्री दंडार, नाटक अथवा खडी गंमत. उभ्याने करावयाची म्हणून खडी. डफ, ढोलकी, तुणतुणे, शाहीर, स्त्रीवेष घेतलेला नाच्या, आणि ज्याच्यासाठी मंडळी थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत बसतात तो सोंगाड्या.

व्याही म्हणाले, "गुरुजी, रात्री गंमत आहे. आपण चलावे." आम्ही घुटमळलो. त्यास कारण होते.

आमच्या मास्तरकीच्या आरंभीच्या काळातील गोष्ट. आठवीतील एक मुलगा रामाची विभक्तिरूपे आमच्याच आवाजात, आमच्याच चालीने येरझारा घालीत म्हणून दाखवीत होता. वर्ग लोटपोट हसत होता. आम्ही दारात उभे आहो हे त्यास शेवटी कळले. छडी तर दिलीच, वर म्हणालो, "तमासगीर व्हावयाचे असेल तर शाळेची पायरी चढू नकोस." तो पुन्हा आला नाही. त्याचे वडील गमतीत ढोलकी वाजवीत असत, हे आम्हांस मागाहून कळले. रूपे त्याने एकही चुकविली नव्हती, हे मात्र त्याच क्षणी कळले होते.

अखेर गेलो. सोंगाड्या साठीच्या घरातला, कृश अंगाचा. प्रथम तासभर त्याने तलाठ्याची, सासूची आणि भ्रमणध्वनीवर ओरडणाऱ्या पुढाऱ्याची सोंगे करून मंडळींस हसविले. काही विनोद आमच्या घरात सांगण्याजोगे नव्हते. आम्ही मान खाली घातली, व्याही मनमुराद हसले. मग तो कर्जबाजारी शेतकरी झाला. सावकार धान मोजून नेत आहे, आणि हा नुसता खांद्यावरचा शेला घडी करतो, उलगडतो, पुन्हा घडी करतो. शब्द एक नाही. इतका मोठा जमाव, परंतु मूलदेखील रडेना.

तेव्हा आम्हांस निळू फुले यांची आठवण झाली. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यात आला व 'कथा अकलेच्या कांद्याची' मधून लोकांस हसवू लागला. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात त्यांचा झेलेअण्णा गाजला आणि हसविणारा माणूस खलपुरुष झाला; तो इतका खरा की, बायाबापड्या त्यांस प्रत्यक्षातही दुर्जन समजत. 'सामना' हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात एका बाजूस श्रीराम लागूंचे व्यसनाधीन मास्तर, दुसऱ्या बाजूस फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव. आम्ही पेशाने मास्तर. सहानुभूती मास्तरांकडे असणार हे उघड. परंतु डोळे हिंदुरावावरून हलेनात. तो ओरडत नाही, किंचित थांबतो, आणि त्या थांबण्याचीच धास्ती वाटते. हे थांबणे कोठे शिकविले जाते? हशा कोठे ओसरतो व पुढचे वाक्य केव्हा टाकावे, हे ज्याने उघड्या मैदानात रात्र रात्र अजमावले त्यालाच ते साधते. पुढे 'सिंहासन' (१९७९) मध्ये तेच गृहस्थ पत्रकार दिगू झाले. अमेरिकेतही एड विन हे व्हॉडव्हिल नावाच्या तिकडच्या बहुरंगी खेळांतले विदूषक उतारवयात गंभीर भूमिकांकडे वळले, आणि 'द डायरी ऑफ ॲन फ्रँक' (१९५९) मधील कामासाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले. फुले २००९ साली गेले. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या सुशिक्षित घरांतून अशी नावे बहुधा सन्मान झाल्यावरच उच्चारली जातात. त्यात आमचे घर आलेच.

पहाटे खेळ आटोपला. सोंगाड्या रंग पुसत बसला होता. आम्ही यथाशक्ति बक्षीस दिले, आणि त्या मुलाचे व त्याच्या वडिलांचे नाव सांगून विचारले. त्याने बराच वेळ आठवून पाहिले.

"बाप ठाऊक होता, गुरुजी. ढोलकी नामी वाजवायचा. पोरगा गमतीत आला नाही. कोणाचे तरी बोलणे लागले म्हणत होते."

आम्ही काही बोललो नाही. घरी आलो तो कन्या अंगणात सडा टाकीत होती. "बाबा, गंमत आवडली का?" तिने विचारले. आवडली, असे आम्ही सांगितले.