जाळ्याजवळची जागा

ज्वाला गुट्टा हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आलं ते २०१० च्या ऑक्टोबरमध्ये. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. शेवटच्या दिवशी ज्वाला आणि अश्विनी पोनप्पा यांनी महिला दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच दिवशी सायना नेहवालने एकेरीचं. या दोन पदकांमुळे भारताची सुवर्णपदकं ३८ झाली. इंग्लंडला एका पदकाने मागे टाकून आपण पदकतालिकेत दुसरे आलो. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात सायनाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. दुहेरीतल्या दोघींची नावं विचारली, तर दोन-तीनच हात वर आले.

मी जळगावात एका शाळेत मराठी शिकवते. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. कळून घ्यायची वेळ गेल्या वर्षी आली. आमची धाकटी नववीत आहे. पाचवीत असताना उन्हाळी शिबिरात तिचं नाव घातलं होतं. सुट्टी संपली, पण बॅडमिंटन सुटलं नाही. आधी ती एकेरी खेळायची, मग मुलींची दुहेरी. तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. गेल्या हिवाळ्यात सरांनी तिला एका मुलाबरोबर मिश्र दुहेरीत उतरवायचं ठरवलं आणि धुळ्याहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला.

भाईजान रागावले नव्हते. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तू शिकलेली आहेस, मुलं घडवतेस, मी तुला काय सांगणार? पण इथे चार लोक विचारतात तेव्हा मी काय उत्तर द्यायचं, तेवढं सांग." घरात सासूबाईंचीही कुरबुर चालू झाली. माझे पती म्हणाले, "आधी तू जाऊन बघ, मग ठरवू."

म्हणून मी हॉलमध्ये जाऊन बसायला लागले. तपासायच्या वह्या मांडीवर आणि डोळे कोर्टवर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही तर काहीच करत नाही. मुलगा मागे उभा राहून उड्या मारून स्मॅश मारतोय, टाळ्या घेतोय, आणि ही जाळ्याजवळ वाकून उभी. सरांनी मग समजावलं. मिश्र दुहेरीत बहुतेक वेळा मुलगी पुढे असते आणि मुलगा मागे. पुढचीचं काम असं, की शटल जाळ्यावरून इतकं खाली ठेवायचं की समोरच्याला ते वर उचलावंच लागेल. शटल वर उचललं गेलं, की मागचा स्मॅश मारतो. म्हणजे ज्या फटक्याला टाळ्या पडतात तो शक्य केला पुढचीने. शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास. मनगट जरा जास्त हललं तरी ते वर चढतं, आणि मग स्मॅश समोरून आपल्या अंगावर येतो.

दुसरी गोष्ट सरांनी सांगितली ती माझ्या डोक्यातून गेली नाही. समोरची जोडी ठरवून मुलीवर मारते. तिला मागे ढकलायचं, दमवायचं, तिच्या हातून चूक काढायची, हा या खेळातला जुना डाव आहे. त्यामुळे सामना बऱ्याचदा तिच्यावर ठरतो. ती टिकली तर जोडी टिकते.

हे कळल्यावर मी ज्वालाची कारकीर्द नव्याने वाचायला घेतली. तिचा जन्म आपल्या महाराष्ट्रातला, ७ सप्टेंबर १९८३, वर्धा. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की अकोला, बडनेरा करत जे वर्धा येतं, तेच. वडील तेलुगू. आई येलन चिनी. गांधीजींच्या कामाच्या ओढीने त्या आपल्या आजोबांबरोबर भारतात आल्या होत्या. पुढे ज्वाला हैदराबादला वाढली आणि तिथे तिला गुरू भेटले ते सय्यद मोहम्मद आरिफ. आरिफ साहेबांच्या हाताखाली पुल्लेला गोपीचंदही घडला, ज्याने २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. आरिफ साहेबांना २००० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. भाईजानना मी हे आवर्जून सांगितलं. ज्या मुलीने देशाला मिश्र दुहेरी दाखवली, तिला रॅकेट धरायला शिकवणारे आपल्यातलेच एक बुजुर्ग होते.

तसा मिश्र दुहेरीचा मान मराठी मुलखाला नवा नाही. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकले, ते परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांच्या १७ राष्ट्रीय विजेतेपदांपैकी ५ मिश्र दुहेरीतली होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकेरी. एकेरीत एक चेहरा असतो, एक नाव असतं. जोडीतलं श्रेय वाटून घ्यावं लागतं आणि वाटणीत ते बारीक होतं.

ज्वालाने ही बारीक वाटणी आपणहून निवडली. सतराव्या वर्षी ती ज्युनियर राष्ट्रीय विजेती होती, पण तिचा खेळ दुहेरीत फुलला. मिश्र दुहेरीत तिचा जोडीदार केरळचा व्ही. दिजू. २००९ हे त्यांचं वर्ष. हैदराबादला झालेल्या जागतिक स्पर्धेत ही जोडी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. त्याच वर्षी चायनीज तैपेईची ग्रां प्री गोल्ड स्पर्धा त्यांनी जिंकली. त्या दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय मिश्र जोडी. वर्षअखेरीस मलेशियात जगातल्या निवडक जोड्यांची सुपर सीरिज फायनल्स झाली, तिथेही ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि डेन्मार्कच्या जोडीकडून हरले. ज्वाला डावखुरी, अंगात ताकद. नेटवर तर ती खेळेच, पण मागे ढकलली गेली तर तिथूनही मारायची. मुलीला मागे लोटलं की काम झालं, हा डाव तिच्यापुढे नेहमीसारखा चालत नसे.

पुढे २०११ मध्ये अश्विनीबरोबर तिने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. १९८३ च्या प्रकाश पदुकोण यांच्या पदकानंतर भारताचं ते या स्पर्धेतलं दुसरंच पदक. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ती महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन्ही प्रकारांत खेळली.  दिजूबरोबरचे गटातले तिन्ही सामने ती हरली, हेही सांगायला हवं. राष्ट्रीय विजेतेपदं मात्र तिच्या नावावर १४ आहेत.

एवढं करून बाजारात तिची किंमत काय झाली? २०१३ मध्ये भारतात बॅडमिंटनची लीग सुरू झाली. खेळाडूंचा लिलाव होता. ज्वाला आणि अश्विनीची पायाभूत किंमत ५० हजार डॉलर ठरली होती, ती २५ हजारांवर आणली गेली, कारण लीगमधून महिला दुहेरीचा सामनाच काढून टाकून त्या जागी पुरुष एकेरीचा आणखी एक सामना घातला होता. ज्वाला याविरुद्ध मोठ्याने बोलली. त्याच वर्षी लीगमधल्या एका सामन्यावरून संघटनेशी तिचा वाद पेटला आणि आजीवन बंदीच्या शिफारशीपर्यंत गेला. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागून ती कोर्टवर परतली, आणि पुढच्याच वर्षी तिने अश्विनीबरोबर ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. आईच्या चिनी चेहरेपट्टीवरून लोकांनी तिला काय काय सुनावलं, तेही तिने अनेकदा उघडपणे सांगितलं आहे. आपण याच मातीतले आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागणं म्हणजे काय, ते या मासिकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

आता कपड्यांचा प्रश्न, कारण आमच्या घरात तो विचारला गेला आणि तुमच्याही घरात विचारला जाईल. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने मोठ्या स्पर्धांत मुलींना स्कर्ट सक्तीचा करायचं ठरवलं होतं. खेळ अधिक आकर्षक दिसावा, हे कारण. जगभरातून विरोध झाला. त्यात मुस्लिम देश होते, तशा कुठल्याही धर्माच्या खेळाडू होत्या. शेवटी २०१२ मध्ये तो नियम बासनात गेला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये इराणची सुरय्या आगाई डोकं झाकून, पूर्ण कपड्यांत खेळली. आमची मुलगी ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालते. तो तिचा निर्णय आहे, आणि त्यावाचून तिचा एकही गुण अडलेला नाही.

राहिला मुलाबरोबर खेळण्याचा प्रश्न. जगात सर्वांत जास्त मुसलमान राहतात त्या इंडोनेशियाचं उदाहरण मी सासूबाईंना सांगितलं. तिथला तोंतोवी अहमद मुसलमान, त्याची जोडीदार लिलियाना नात्सिर ख्रिस्ती. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये या दोघांनी मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. तारीख होती १७ ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. त्या ऑलिम्पिकमधलं त्या देशाचं ते एकमेव सुवर्ण. सासूबाईंनी विचारलं, "त्यांचं लग्न झालं का एकमेकांशी?" मी म्हटलं, "नाही अम्मी, ते फक्त खेळले." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या मुलाच्या आईला चहाला बोलाव."

ती आली. ती अंगणवाडी सेविका आहे. तिच्याही मनात भीती होती, फक्त दुसऱ्या बाजूची. दिवस कसे आहेत ते आपण जाणतो. एखादा फोटो कुणी भलत्या मजकुरासह फिरवला तर? आम्ही दोघींनी बसून चार गोष्टी पक्क्या केल्या. सराव मगरिबनंतर, सर हजर असतानाच. ने-आण दोन्ही घरांनी आळीपाळीने करायची. बाहेरगावच्या स्पर्धेला एक तरी आई बरोबर जाणार. आणि मुलांपैकी कुणालाही नको वाटलं, तर कारण न विचारता जोडी थांबवायची.

निवड स्पर्धेला भाईजान सकाळच्या एसटीने धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत आले. आमची जोडी पहिला सामना जिंकली, दुसरा हरली. दुसऱ्या सामन्यात भाईजान दोनदा उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे दोघं सारखं आपल्या पोरीवरच का मारतायत? पंच काही बोलत का नाही?" मी त्यांना खेळ समजावला. ते खाली बसले आणि शेवटच्या गुणापर्यंत फक्त तिच्याकडे बघत राहिले. जाताना म्हणाले, "मला अजून पूर्ण पटलेलं नाही." मग बसच्या पायरीवरून, "पण लोकांना काय सांगायचं ते कळलं. सांगेन, सगळा मारा तिच्यावर होतो आणि ती जागा सोडत नाही."

धाकटी हरल्याचं दोन दिवस मनात धरून होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला गेली. ती ज्वाला होईल असं मी म्हणत नाही. दहावी तोंडावर आहे, शटलचे डबे महाग झाले आहेत, आणि जिल्ह्यातून वर जाण्याची वाट फार अरुंद आहे. पण मुलगी खेळते म्हटल्यावर "कुणाबरोबर?" हा आपला पहिला प्रश्न असतो. तो जरूर विचारा, आई-बापांनी विचारायलाच हवा. मात्र तेवढ्यावर थांबू नका. सर कोण आहेत, हॉलमध्ये मुलींसाठी स्वच्छ खोली आहे का, रात्री घरी कोण आणणार, स्पर्धेचा खर्च घरातल्या मुलासाठी काढला असता तसाच तिच्यासाठी काढू का, हेही विचारा. आणि एकदा तरी वह्या, भाजी, शिवण, जे हातात असेल ते घेऊन हॉलमध्ये जाऊन बसा. स्मॅशला टाळ्या वाजतात तेव्हा जाळ्याजवळ कोण उभं आहे, तेवढं बघा.