चार चाकांची सवत

मैत्रिणींनो, कुणाच्या यजमानांना पत्त्यांचा नाद असतो, कुणाच्या क्रिकेटचा. आमच्या ह्यांना आहे जुन्या मोटारींचा. बरं, गाडी झाकून ठेवायची आणि दसऱ्याला पुसून झेंडूची माळ घालायची, असला हा नाद नव्हे. ह्यांच्या ऑफिसला, मंडईत आणि माझ्या शाळेच्या फाटकापर्यंत रोज जाते ती हीच, आमची प्रीमियर पद्मिनी!

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते ना? तीच ही. मूळची इटलीची फियाट ११००, पण घडली आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं. २००१ च्या आसपास ती बनायची थांबली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. मग अशी गाडी रोजच्या वापराला कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

ह्यांचं उत्तर ऐका. इंजिन जेमतेम १०८९ सी.सी.चं, पण बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं. प्लग काढा, कार्ब्युरेटर साफ करा, घरच्या चार पान्यांत काम होतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे बाकासारखी सलग सीट. काचेच्या मधले खांब बारीक, म्हणून चहूकडचं स्वच्छ दिसतं. थंडीत चोक किती ओढायचा, हे हाताला कळतं म्हणे!

ह्या वेडात हे एकटे नाहीत हो. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी अजून मारुती ८०० आहे. त्या मोटारीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन संपलं. तीन सिलिंडरचं ७९६ सी.सी.चं इंजिन, अंगानं हलकी. बाई म्हणतात, "भाजीच्या गल्लीत शिरते आणि तिथल्या तिथे वळते, मला आणखी काय हवं?" माझ्या मोठ्या दिरांचा जीव ॲम्बॅसॅडरवर. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्याला मे २०१४ पर्यंत बनत होती. तिची मागची सीट इतकी ऐसपैस, की गुडघे दुखणाऱ्या सासूबाई म्हणतात, "ह्या गाडीत बसायचं म्हणजे घरच्या पलंगावर बसल्यासारखं."

तिघांचं ऐकून माझ्या एक लक्षात आलं. ह्या माणसांना वेगाचं कौतुक नाही. गाडी आपल्याशी बोलते आणि तिला आपली गरज आहे, ह्याचं त्यांना सुख. आपल्याला हे समजायला जड नाही. आईनं दिलेला बिडाचा तवा आपण नाही का जपत? तो कधी तापला, हे आपल्यालाच कळतं. दुसरीनं हात लावला की डोसा चिकटलाच!

पण तव्यावर डोसा बिघडला तर एक डोसा जातो. गाडीत आपली माणसं बसतात. आमची धाकटी दुसरीत आहे. दारात गाडी उभी करायला जागा एकीचीच आणि दुसरी घेण्याएवढा पैसाही नाही. तेव्हा ही ठेवायची की विकायची, हा प्रश्न आमच्याकडे महिनाभर धुमसत होता. हे म्हणायचे, "पत्रा बघ केवढा जाड आहे!" इथे मात्र मी गप्प बसले नाही. नव्या गाड्यांचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करतात, म्हणजे धक्क्याचा जोर पत्रा खातो, माणसापर्यंत कमी पोचतो. जुन्या गाडीत तशी योजना नाही, हवेच्या पिशव्याही नाहीत. जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता नव्हे.

शेवटी तीन अटींवर तह झाला. पहिली, पुढे-मागे पट्टे बसवायचे, आणि मुलगी मागेच बसेल. दुसरी, ही गाडी गावातच; पुण्याला जायचं तर एस.टी. नाहीतर भाड्याची नवी गाडी. तिसरी, तिच्या खर्चाचा डबा वेगळा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, वर पर्यावरण कर. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून जुन्या रबरी नळ्यांवरही लक्ष ठेवावं लागतं. डबा रिकामा झाला, की त्या महिन्यात नवं खूळ नाही! आश्चर्य म्हणजे ह्यांनी तिन्ही अटी मुकाट्यानं मानल्या. पट्टे तर चार दिवसांत बसले.

तुमच्याही घरी अशी सवत यायची असेल, तर रंगाला भुलू नका. पायाखालचं जाजम उचलून खालचा पत्रा गंजलाय का पाहा, कागदांवरची तारीख वाचा, आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्री गावात आहे का, ते आधी विचारा. एवढं जमलं तर यजमानांच्या आनंदावर विरजण घालू नका. मात्र कोण कुठे बसणार आणि गाडी कुठवर जाणार, हे तुम्हीच ठरवा.