बोलणारी तार

मुलांनो, तुम्ही कधी मिरजेला आलात, तर सतारमेकर गल्लीतून एक फेरी जरूर मारा. तेथील दुकानांत वाळलेले मोठमोठे भोपळे दिसतील. आत कोणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत असेल. कोणी नवशिका तंबोरा शिकत आहे, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नसते. तेथे तंबोऱ्याची जवारी लावण्याचे काम चालू असते.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक रुंद पट्टी बसवलेली असते. तिच्यावरून तारा जातात. या पट्टीला घोडी म्हणतात. घोडीचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा घालतात आणि तो सरकवत राहतात. केसभर पुढे, केसभर मागे. एका ठरावीक जागी दोरा आला, की इतका वेळ ठणठणणारी तार एकदम घुमू लागते. आमच्या घरात याला 'तार बोलली' असे म्हणतात. हे मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. कान हेच यंत्र.

आमचे घर याच कामाचे. आमचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम कमी झाले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे घडवायला घेतले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी मी अब्बांना मोठ्याने वाचून दाखवली. मोठ्याने का, ते पुढे सांगतो.

वाद्ये घडवणाऱ्या या घरात गाणारे मात्र कोणीच नव्हते. "आपलं काम वाद्य घडवायचं. गाणं गिऱ्हाइकाचं," असे अब्बा म्हणत.

२००० साली मी उर्दू शाळेत चौथीत होतो. एके दिवशी अब्बांबरोबर दुरुस्त केलेला तंबोरा पोहोचवायला मी एका गायनवर्गात गेलो. एका जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्यांत हा वर्ग भरे. एका खोलीत तबला, दुसऱ्या खोलीत गाणे. गाणे शिकवणाऱ्या बाई प्राथमिक शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी तंबोरा जुळवला आणि पंधरा-वीस मुलांनी एकदम 'सा' लावला. आमच्याच घरात घडलेला तंबोरा असा वाजतो, हे मला त्या दिवशी कळले. मी धीर करून माझ्या मोडक्या मराठीत म्हणालो, "बाई, मला पण गाणं येऊ पाहिजे."

मुले हसली. बाई हसल्या नाहीत. "उद्यापासून ये," एवढेच म्हणाल्या.

अब्बा वाटभर बोलले नाहीत. घरी अम्मीने समजूत काढली, की दोन तास गल्लीत पतंगामागे धावण्यापेक्षा हे बरे. महिन्याचे वीस रुपये तिनेच दिले.

पहिला महिनाभर आम्ही फक्त 'सा' लावत होतो. मला त्याचा भारी कंटाळा येई. त्याहून मोठे संकट म्हणजे 'ळ'. तुमच्यापैकी अनेकांना ही अडचण ठाऊक असेल! मी 'भोपला' म्हणे. ज्याच्या घरी भोपळ्यांची रास, त्यालाच तो शब्द येऊ नये, याची बाईंना मोठी गंमत वाटे. रोज गाणे सुरू होण्याआधी त्या माझ्याकडून दहा वेळा 'भोपळा' म्हणवून घेत. माझे मराठी शाळेत कमी आणि त्या माडीवर जास्त सुधारले.

तबल्याचे सर रेल्वेत कामाला होते. पाळी संपली, की ते गणवेशातच येत. त्रितालाच्या सोळा मात्रा ते हातावर मोजायला लावत. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा. "टाळी सगळ्यांना देता येते; न देता थांबायला शिका," असे ते म्हणत. रुळांवरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजात कोणता ताल ऐकू येतो, यावर त्यांचा आणि मुलांचा वाद चाले. तो वाद अजूनही मिटलेला नाही.

उरुसाच्या दिवसांत बाई आम्हांला हजरत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात नेत. तेथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना शिकवले. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. १९३७ साली प्रवासात असताना मद्रासजवळच्या एका स्टेशनावर त्यांची प्रकृती बिघडली. तेथेच त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि गाता गाता प्राण सोडला, असे सांगतात. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात मोठमोठे गायक येऊन गातात. आम्ही मुले जाजमे अंथरत असू. पहाटेपर्यंत जागण्याची मला परवानगी मिळे, ती केवळ या रात्रींपुरती.

त्याच १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर हेही मिरजेतच गाणे शिकले. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ज्या परीक्षांना आम्ही बसत होतो, त्यांचा उगम या कार्यात आहे. मी प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या दोन परीक्षा दिल्या.

पण बाईंकडून मला जे मिळाले, ते परीक्षेत विचारले जात नाही. त्या आम्हांला डोळे मिटायला लावत आणि तंबोऱ्याची शेवटची, खर्जाची तार छेडत. "हिच्यात गंधार शोधा," असे म्हणत. तंबोऱ्याची कोणतीच तार गंधारात लावलेली नसते. तरीही जवारी चांगली असेल आणि तारा नीट जुळलेल्या असतील, तर खर्जातून आपोआप गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. इतर मुले "आला, आला" म्हणत. मीही खोटेच मान डोलावत असे. चार महिन्यांनी एका संध्याकाळी तो मला खरोखर ऐकू आला. मी दचकून डोळे उघडले. बाई माझ्याकडेच पाहत होत्या.

२००३ साली वर्गासाठी अब्बांनी नवा तंबोरा केला. बाईंनी तो बराच वेळ जुळवला. मुले गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले आणि विचारले, "तुला काय ऐकू येतं?"

"बाई, गंधार येत नाही. खरखर येते."

"हे अब्बांना मी सांगू, की तू सांगशील?"

तंबोऱ्याला गवसणी घालून मी घरी आलो. त्या वर्षी दोन जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या कारागिराकडे गेली होती आणि घरात कोणी त्यावर बोलत नव्हते. मी अब्बांना म्हणालो, "अब्बा, खर्जात गंधार नाही." त्यांनी तार छेडली. मग उजवा कान भोपळ्याला लावून पुन्हा छेडली. "मला तर येतो," असे म्हणून त्यांनी रागाने माझ्याकडे पाहिले. पण तिसऱ्यांदा छेडताना त्यांचा हात थांबला. डाव्या कानाने वर्षभर काहीच ऐकू येत नव्हते आणि उजवाही कमी झाला होता, हे त्यांनी अम्मीलासुद्धा सांगितले नव्हते. ते अंदाजाने जवारी लावत होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बस इथं." त्यांनी कानस चालवली, मी ऐकत राहिलो. "नाही. अजून नाही. पुढे गेला, मागे घ्या." अब्बांना असे सांगताना माझी जीभ अडखळत होती. रात्री अकराच्या सुमारास तार बोलली.

तेव्हापासून संध्याकाळी माझी घरी गरज पडू लागली. प्रवेशिका पूर्णचा अर्ज भरायचा राहिला. बाई रागावल्या नाहीत, असे लिहिले तर ते खोटे होईल. दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी वर्गातील सर्वांत जुना तंबोरा त्यांनी आमच्या घरी पाठवला. 'जवारी तू लावून आण, मी ऐकणार आहे' असा निरोप होता. मी लावलेली ती जवारी त्यांनी तीनदा परत पाठवली.

पुढे मी बी.एड. केले आणि उर्दू शाळेत शिक्षक झालो. गायक झालो नाही, याची खंत कधी कधी वाटते. वर्ग अजून त्याच माडीवर भरतो. बाई आता खुर्चीत बसून नुसत्या ऐकतात. माझ्या शाळेतील चार मुले तेथे जातात. त्यांतील एक जण अजून 'भोपला' म्हणतो.

रविवारी सकाळी मी अब्बांजवळ कामाला बसतो. आता त्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. पण कानस अजून त्यांच्याच हातात असते. दोरा सरकवून झाला, की ते भोपळ्यावर तळहात ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे पाहतात.

"बोलली?" ते विचारतात.

मी मान हलवून नाही म्हणतो. ते पुन्हा कानस उचलतात.