लोखंडी दप्तर : जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी

जुने पत्र हाती आले की इतिहासाचा अभ्यासक त्याची परीक्षा दोन अंगांनी करतो. कागद, शाई, वळण, शिक्के पाहणे हे बहिरंग परीक्षण. मजकूर त्या काळाशी व इतर साधनांशी जुळतो का, हे पाहणे अंतरंग परीक्षण. धाराशिव जिल्ह्यात एखाद्या वाड्यामागे, कडब्याच्या गंजीशेजारी उभा असलेला पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही हेच करावे लागते. आजोबांच्या काळचे यंत्र घरी असावे या हौसेने घेणारे आता वाढले आहेत. पण त्याच यंत्रावर पेरणी काढू पाहणाऱ्याची चूक झाली तर त्याचा अख्खा हंगाम जातो.

पहिली कसोटी कालविपर्यासाची. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचे उत्पादन सुरू झाले. १९६० मध्ये मद्रासला टाफे स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन येथे बनू लागला. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि त्यातून बी-२७५ आला. एचएमटीने पिंजोरला १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा आराखडा उचलला. १९७४ चा स्वराज मात्र दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेत घडलेल्या देशी आराखड्यावर उभा राहिला. ही सनावळी पाठ असलेल्याला कुणी ‘साठ सालचा महिंद्रा’ विकू शकत नाही. त्या साली तो ट्रॅक्टर अस्तित्वातच नव्हता.

मग कागद. आरसी बुकावरील मालकांच्या नोंदी वंशावळीसारख्या क्रमाने वाचाव्यात; मधली एखादी पिढी गळाली असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. वाहनक्रमांकही बोलतो. एमएच-२५ ही धाराशिवची मालिका १९८९ नंतरच्या पद्धतीची आहे. त्याआधी क्रमांकाची सुरुवात तीन अक्षरांनी होई. सत्तरच्या दशकातील यंत्रावर एमएच-२५ दिसला, तर तो उशिरा किंवा परराज्यातून येऊन नोंदला गेला असावा. कारण विचारावे. पत्त्यात ‘जि. उस्मानाबाद’ असूनही ट्रॅक्टर औशाचा किंवा निलंग्याचा निघाला तर दचकू नये, कारण लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये वेगळा झाला. लोहारा-उमरगा भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली आणि त्यांच्याबरोबर पेट्यांतले कागदही गेले. अशा घरातून आलेले बुक दुय्यम प्रत असू शकते. दुय्यम प्रत म्हणजे लबाडी असे मानू नये. परंतु नकलनवीस चुकतो हे बखरी वाचणाऱ्याला ठाऊकच असते. म्हणून चेसिस व इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक कापडाने पुसून, अंक अंक लावून, बुकाशी पडताळावेत. पाटीचे रिव्हेट नवे चकाकत असतील, अंक घासून पुन्हा ठोकलेले वाटत असतील, तर ती खाडाखोडच समजावी. बँकेचा बोजा कर्ज फिटले म्हणून आपोआप उतरत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात येईपर्यंत पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात.

आता लोखंड. नवा रंग हा पुराव्याचा शत्रू होय. सीटखाली, बॉनेटच्या आतल्या कडेला जुना थर शोधावा. ताज्या रंगाखाली वेल्डिंगची शिवण दडलेली असते. आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवावे, की आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावावा. ते कोमट लागले तर यजमानाने थंड इंजिनाची अडचण झाकली, असे समजण्यास जागा आहे. सुरू झाल्यावर निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळते आहे. ब्रीदरमधून धुराचे झोत येत असतील तर पिस्टन-लायनरचे काम ठरलेले. ऑइलची पट्टी दुधाळ निघाली तर पाणी आत शिरले आहे. जुन्या आयशरच्या एअर-कूल्ड इंजिनाला रेडिएटरच नाही. दुष्काळी मुलखात हे वरदान वाटे, पण त्याच्या पंख्यांसारख्या पात्यांत धूळ व तेल यांचा लेप बसला की इंजिन तापते. पाती मोकळी आहेत का, हवा मारणारा ब्लोअर नीट फिरतो का, हे पाहावे.

ट्रॅक्टरने आयुष्यभर काय केले, हे सर्वांत प्रामाणिकपणे मागचा हूक सांगतो. ढोकी परिसरातील कारखान्यांना ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या हुकाचे गोल भोक झिजून लांबट होते. मालक ‘फक्त पेरणीला वापरला’ म्हणत असेल आणि भोक लांबट असेल, तर क्लच, ब्रेक व मागचा धुरा यांचाही हिशेब मांडावा. तासमीटरवर विश्वास ठेवू नये. त्याची केबल तुटून कैक पावसाळे झालेले असतात.

लिफ्टकडे मात्र वेळ द्यावा. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने हायड्रॉलिक तीन-बिंदू जोडणी रूढ केली. नांगर मागे ओढत नेण्याऐवजी तो ट्रॅक्टरचाच अवयव झाला, नांगरटीचा ताण मागच्या चाकांवर दाब म्हणून उतरू लागला आणि हलक्या यंत्रालाही पकड मिळाली. येथील काळ्या चिकट रानात या युक्तीचे मोल जास्त. नांगर जोडून वर उचलावा, इंजिन बंद करावे आणि त्याच्यापासून दूर उभे राहून पाहावे. पाहता पाहता तो खाली आला तर पंप, सील किंवा सिलिंडर थकला आहे. उचललेल्या नांगराखाली कोणी जाऊ नये.

केवळ जतनासाठी घेणाऱ्याने कायद्याची एक बाजू जाणून घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरील दुचाकी व प्रवासी चारचाकी यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळाली. ट्रॅक्टर त्या व्याख्येत बसत नाही. त्याला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. आणि एचएमटी घ्यायचा असेल तर सुटे भाग कोठून मिळतात, हे सौद्याआधी मिस्त्रीला विचारावे. कारण २०१६ मध्ये त्या कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय झाला.