कावडीतलं पाणी

देवघर आवरताना गंगेचा गडू हातात आला आणि मन चरकलं. फारच हलका लागला. कानाशी धरून हलवला; आत थेंब नव्हता. तोंडाची झाळ शाबूत होती. बुडाशी कुठेतरी बारीक चीर गेली असावी.

दसरा आला की आजी हा गडू चिंच लावून घासायची. लख्ख झाला की कानाशी नेऊन हलवायची, आतली गंगा खुळखुळली की तिचा चेहरा निवायचा. "माझ्यासाठी आहे ती," म्हणायची. शेवटी ती गेली दवाखान्यात, मध्यरात्री. गडू घरीच राहिला.

आजीचा तो कानाशी धरलेला गडू आठवला, की त्याच्या मागोमाग विष्णुभट गोडसे येतात. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज, आईवडील थकलेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं म्हणून १८५७ साली काका रामभटांसोबत ते उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास बंडाची वार्ता कानी आली. पुढे झाशीचा वेढा, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी शहरात अडकून पाहिली. गाठीची दक्षिणाही लुटली गेली. परतले तेव्हा खांद्यावर गंगेची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

विष्णुभटांनी या प्रवासावर लिहिलेलं 'माझा प्रवास' म्हटलं की लोक थेट झाशीच्या राणीकडे धावतात, हे मला फार लागतं. काळपीच्या वाटेवरची विहीर सगळ्यांना पाठ असते. लढाई हरून आलेली, तहानलेली लक्ष्मीबाई. विष्णुभट पाणी काढायला पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाला श्रम नकोत म्हणून ती स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. राणीचं मोठेपण खरंच. पण कुणीही तहानेलं दिसलं की ज्याचा हात आधी दोराकडे जातो, त्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जीव मुठीत घेऊन फिरणारा हा गृहस्थ दुसऱ्याला पाणी द्यायला विसरला नव्हता. कावड वाहून आणणारा माणूस मला त्या विहिरीवरच ओळखू येतो.

हे सगळं उरलं ते कल्याणच्या एका तरुणामुळे. चिंतामण विनायक वैद्यांचा जन्म १८६१चा, कल्याणातला. गोडसे त्यांचे उपाध्याय. गुरुजी सांगतात ते लिहून ठेवलं पाहिजे, असा आग्रह वैद्यांनी धरला. विष्णुभटांनी १८८३च्या सुमारास मोडीत लिहून दिलं, पण आपल्या माघारी छापायचं या बोलीवर. भीती सरकारची होती. पुस्तक १९०७ साली आलं, तेव्हा विष्णुभट नव्हते. वैद्यांनी छापताना बरेच फेरफार केले होते. मूळ मजकूर इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या शब्दांत लोकांपुढे यायला या माणसाला मरणानंतरही साठेक वर्षं थांबावं लागलं.

आज कल्याणहून वरसईला निघालं, तर यजमानाच्या गावातून उपाध्यायाच्या गावाकडे जाणारी वाट शीळफाट्यावरून पनवेल, पेण अशी जाते. मी याच रस्त्यावर राहते. फाट्यावर ट्रेलरच्या रांगा लागतात, गोदामांतून माल चढतो-उतरतो. मुंबईपासून इथवर बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदा येतो आहे, त्यातले सात खाडीखालून. या सगळ्या कामांवर राबणारी माणसं दूरदूरची. चहाच्या टपरीवर एका ट्रेलरवाल्याला गाव विचारलं, तर म्हणाला, "उरई." उरई काळपीच्या शेजारची.

विष्णुभट त्याच्या मुलखात पोटासाठी गेले होते, तो आमच्या मुलखात पोटासाठी आला आहे. घरी म्हातारे आईबाप, डोक्यावर कर्ज, हेही तेच. विष्णुभटांना त्या धामधुमीत परक्या गावांनी ओसरी दिली, शिधा दिला. फाट्यावर आलेल्याला आपण निदान तेवढं तरी देणं लागतो. आणि घरी परत जाताना तो काय नेणार आहे, हे त्याला कुणीतरी विचारलं पाहिजे. वैद्यांनी आपल्या गुरुजींना विचारलं तसं, मन लावून, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं पाहिजे.